अधिवृक्क ग्रंथीचे नियमन आणि स्टेरॉईड सोडविण्याचा पादांशिक क्रम

प्रस्तावना

आयुर्वेदीय चिकित्सालयात येणारा जीर्ण व्याधीचा रुग्ण क्वचितच 'कोरा' असतो. आमवात, तमकश्वास, विचर्चिका, किटिभ अशा व्याधींनी वर्षानुवर्षे त्रस्त झालेला हा रुग्ण आपल्यापर्यंत पोहोचतो तेव्हा त्याच्या हाती औषधांची पिशवी असते. त्या पिशवीत प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन यांपैकी एखादी बारीक गोळी बहुधा सापडते. अमरावती असो वा अकोला, नाडी दाखविण्यासाठी हात पुढे करीत रुग्ण पहिला प्रश्न विचारतो तो हाच : "आता ह्या गोया बंद करू काय?"

या प्रश्नाला उत्साहाच्या भरात 'होय' असे उत्तर देणे सोपे आहे. आयुर्वेदावरील श्रद्धेपोटी रुग्णालाही तेच उत्तर हवे असते. परंतु स्टेरॉईड हे इतर औषधांसारखे औषध नाही. ते एकाएकी थांबविले असता मूळ व्याधी उसळतो, एवढाच धोका नसतो. रुग्णाच्या प्राणावरही बेतू शकते. असे का होते हे समजण्यासाठी अधिवृक्क ग्रंथीचे कार्य कोणाच्या आज्ञेने चालते, हे प्रत्येक वैद्याने जाणून घेणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात या नियमनाचा परिचय करून देऊन त्याचा आपल्या नित्य चिकित्सेशी असलेला संबंध मांडण्याचा आम्ही प्रयत्न केला आहे.

१. रचना

दोन्ही वृक्कांच्या शिरोभागी टोपीप्रमाणे बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचे वजन प्रत्येकी अवघे ४ ते ५ ग्रॅम असते. ग्रंथीचे मध्यक व बाह्यक असे दोन भाग आहेत. मध्यकातून ॲड्रिनॅलिन स्रवते. आपला विषय असलेली स्टेरॉईड द्रव्ये बाह्यकात तयार होतात.

बाह्यकाचे तीन थर आहेत. सर्वांत बाहेरच्या थरात अल्डोस्टेरोन तयार होते. ते शरीरातील सोडियम राखते व पोटॅशियम बाहेर टाकते. मधल्या, सर्वांत रुंद थरात कॉर्टिसॉल तयार होते. रक्तशर्करा, रक्तदाब, शोथाचे शमन आणि आघात सहन करण्याची शक्ती ही त्याची कार्यक्षेत्रे होत. आतल्या थरात पुरुषजातीय हॉर्मोनांची पूर्वद्रव्ये तयार होतात. तिन्ही थरांचा कच्चा माल एकच, तो म्हणजे कोलेस्टेरॉल. प्रत्येक थरातील विकरे निराळी असल्याने उत्पादन मात्र निराळे होते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. स्वादुपिंडात इन्सुलिनचा साठा असतो, अवटु ग्रंथीत तर कित्येक आठवडे पुरेल एवढा साठा असतो. अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉलचा साठा करीत नाही. मागणी आली की तत्काळ निर्मिती, असा तिचा कारभार आहे. म्हणूनच मागणी कळविणारी यंत्रणा बिघडली की कोठार उघडून वेळ निभावून नेण्याची सोय उरत नाही.

२. आज्ञेची साखळी

मागणी कळविणारी यंत्रणा मस्तिष्कात आहे. अधोथॅलॅमसमधून सीआरएच नावाचे हॉर्मोन स्रवते. ४१ ॲमिनो अम्लांच्या या हॉर्मोनाची रचना १९८१ साली निश्चित झाली. ते पोष ग्रंथीच्या अग्रखंडास आज्ञा देते व तेथून एसीटीएच हे ३९ ॲमिनो अम्लांचे हॉर्मोन रक्तात येते. एसीटीएच अधिवृक्काच्या पेशीवरील ग्राहीला चिकटते, पेशीत चक्रीय एएमपी वाढते आणि पुढील कार्य सुरू होते.

या कार्यातील कळीचा टप्पा कोणता? पेशीतील कोलेस्टेरॉल तंतुकणिकेच्या अंतर्गृहात नेणे हा होय. हे काम 'स्टार' या संक्षिप्त नावाचे प्रथिन करते. त्याचा शोध १९९४ साली लागला. कोलेस्टेरॉल आत पोहोचले की त्याचे प्रेग्नेनोलोन होते व पुढे क्रमाक्रमाने विकरांच्या साहाय्याने कॉर्टिसॉल बनते. आज्ञा पोहोचल्यापासून रक्तातील कॉर्टिसॉल वाढण्यास काही मिनिटेच लागतात.

एसीटीएचचे दुसरे कार्य संथ असले तरी तितकेच महत्त्वाचे आहे. दिवसेंदिवस मिळणाऱ्या या आज्ञेमुळेच बाह्यकातील विकरे टिकून राहतात आणि पेशींचे पोषण होते. आज्ञा दीर्घकाळ वाढली तर ग्रंथी मोठी होते. दीर्घकाळ थांबली तर ती आक्रसते. व्यायाम सुटलेल्या मल्लाचे स्नायू जसे ओसरतात तसेच हे आहे.

या साखळीला आवर घालणारा लगामही त्याच साखळीत आहे. रक्तातील कॉर्टिसॉल वाढले की ते अधोथॅलॅमस व पोष ग्रंथी या दोहोंना थांबण्याची सूचना देते. यालाच ऋण प्रतिसंभरण म्हणतात. जन्मजात विकरदोष असलेल्या बालकात हा लगाम सुटतो. २१-हायड्रॉक्सिलेज हे विकर कमी असल्याने कॉर्टिसॉल बनत नाही, एसीटीएच वाढतच राहते, ग्रंथी मोठी होते आणि अडलेला कच्चा माल पुरुषजातीय हॉर्मोनांकडे वळतो. अशा काही अर्भकांना जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वांत्या होऊन लवणक्षय व जलक्षय होतो. कौमारभृत्य करणाऱ्या वैद्यांनी ही शक्यता नेहमी स्मरणात ठेवावी.

साखळीला दिनचर्याही आहे. कॉर्टिसॉल पहाटे वाढू लागते, सकाळी ६ ते ८ च्या सुमारास सर्वाधिक असते व मध्यरात्री सर्वांत कमी होते. ज्वर, आघात, शस्त्रक्रिया, वमन, अतिसार, रक्तस्राव यांपैकी काहीही उद्भवले तर ही लय बाजूला सारून उत्पादन कित्येक पटींनी वाढते. एरवी निरोगी शरीर दिवसाकाठी सुमारे १० ते १५ मि.ग्रॅ. कॉर्टिसॉल तयार करते.

अल्डोस्टेरोनचा कारभार मात्र बव्हंशी स्वतंत्र आहे. वृक्कातून येणारे रेनिन, त्यापासून बनणारे अँजिओटेन्सिन आणि रक्तातील पोटॅशियम हे त्याचे खरे स्वामी. एसीटीएचचा वाटा अल्प असतो. हा भेद पुढे निदानासाठी उपयोगी पडेल.

३. बाहेरचे स्टेरॉईड आणि निद्रिस्त ग्रंथी

सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिक येथे फिलिप हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी आमवातसदृश संधिशोथाने अंथरुणाला खिळलेल्या एका स्त्रीस एडवर्ड केंडॉल यांनी वेगळे केलेले कॉर्टिसोन दिले. काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० साली हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउस राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर अवघ्या दोनच वर्षांनी, १९५२ साली, दुसरी बाजू उजेडात आली. संधिशोथासाठी कॉर्टिसोन घेतलेला एक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर आघातावस्थेतून वर आलाच नाही. त्याच्या अधिवृक्क ग्रंथी आक्रसलेल्या आढळल्या.

कारण आता स्पष्ट आहे. गोळीतून आलेले स्टेरॉईड आणि ग्रंथीतून आलेले कॉर्टिसॉल यांत मस्तिष्क भेद करीत नाही. 'पुरेसे आहे' असे समजून ते सीआरएच व एसीटीएच थांबविते. गरजेपेक्षा अधिक मात्रा तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ चालली की ग्रंथी निद्रिस्त होऊ लागल्याची शंका घ्यावी. रात्री घेतलेली मात्रा पहाटेची आज्ञाच दाबून टाकते, म्हणून ती अधिक घातक ठरते. औषध थांबविल्यावर साखळी वरून खाली जागी होते : प्रथम एसीटीएच वाढते आणि ग्रंथी त्याच्यामागून कित्येक महिन्यांनी प्रतिसाद देऊ लागते. पूर्ववत् होण्यास सहा महिने ते वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो.

गोळी बारीक म्हणून मात्रा अल्प समजू नये. प्रेडनिसोलोन ५ मि.ग्रॅ. म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन २० मि.ग्रॅ., मिथाइलप्रेडनिसोलोन ४ मि.ग्रॅ., डेफ्लाझाकॉर्ट ६ मि.ग्रॅ., तर डेक्सामेथासोन केवळ ०.७५ मि.ग्रॅ. होय. अर्ध्या मिलिग्रॅमची डेक्सामेथासोनची गोळी दिवसातून तीनदा घेणारा रुग्ण प्रत्यक्षात १० मि.ग्रॅ. प्रेडनिसोलोन घेत असतो. सांध्यात वारंवार घेतलेली इंजेक्शने, दीर्घकाळ मोठ्या मात्रेत ओढलेले पंपाचे औषध आणि नायट्यावर महिनोन्‌महिने चोळलेली तीव्र स्टेरॉईड मलमे यांचाही हाच परिणाम होऊ शकतो. 'मी गोळ्या घेत नाही' एवढ्या उत्तरावर वैद्याने समाधान मानू नये.

४. दोन क्षीणता, दोन चित्रे

ग्रंथी स्वतःच नष्ट झाल्याने येणारी क्षीणता थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली वर्णिली. आपल्या देशात क्षयरोग हे तिचे एक महत्त्वाचे कारण आजही ध्यानात ठेवावे. येथे कॉर्टिसॉल व अल्डोस्टेरोन ही दोन्ही कमी होतात. एसीटीएच अतिशय वाढते व त्यामुळे हस्तरेखा, हिरड्या, सांध्यांवरील त्वचा यांना काळसर वर्ण येतो. रुग्णाला खारट खाण्याची तीव्र इच्छा होते, सोडियम घटते, पोटॅशियम वाढते.

स्टेरॉईड एकाएकी सोडल्याने येणारी क्षीणता निराळी आहे. येथे एसीटीएचच कमी असते, म्हणून त्वचा काळवंडत नाही. रेनिनचा कारभार शाबूत असल्याने पोटॅशियमही सहसा वाढत नाही. उलट जुन्या अतिसेवनाच्या खुणा दिसतात : गोल चेहरा, मानेमागे मेदाचा उंचवटा, जांभळट रेषा, सहज उमटणारे रक्ताचे डाग, मांड्यांचे दौर्बल्य. वैद्याची येथे फसगत होऊ शकते. मध्यशरीर स्थूल पाहून स्थौल्याची चिकित्सा, म्हणजे लंघन व रूक्षण, सुचते. प्रत्यक्षात हातपाय कृश आणि बल क्षीण असते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील १७ व्या अध्यायात ओजःक्षयाची जी लक्षणे सांगितली आहेत त्यांतील भय, दौर्बल्य, चिंता, इंद्रियांची व्यथा, कांतिहानी, रूक्षता व कृशता ही या अवस्थेशी मिळतीजुळती वाटतात. तथापि ओज म्हणजेच कॉर्टिसॉल असे समीकरण मांडण्याच्या मोहात आम्ही पडू इच्छित नाही. ग्रंथांत अधिवृक्क ग्रंथीचे स्वतंत्र वर्णन नाही. लक्षणसाम्याने रुग्ण ओळखण्यास साह्य व्हावे, एवढाच त्याचा उपयोग करावा.

५. वऱ्हाडातील अनुभव

आपल्या भागात स्टेरॉईड घेतलेले रुग्ण तीन वाटांनी येतात.

पहिली वाट योग्य वैद्यकीय कारणाने दिलेल्या स्टेरॉईडची. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी उभारलेल्या तपोवनामुळे कुष्ठरोग हा विषय या नगरीला परका नाही. कुष्ठरोगातील प्रतिक्रियेत मज्जातंतू वाचविण्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रमात प्रेडनिसोलोन दिले जाते. त्याचा १२ आठवड्यांचा क्रम असा : ४०, ३०, २०, १५, १० व ५ मि.ग्रॅ., प्रत्येक पायरी दोन आठवड्यांची. हा क्रम मध्येच तोडण्याचा सल्ला कोणत्याही वैद्याने देऊ नये.

दुसरी वाट कोविडची. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती व अकोला येथे रुग्णसंख्या वाढून पुन्हा निर्बंध लागले होते. डेक्सामेथासोन ६ मि.ग्रॅ. रोज, अधिकाधिक १० दिवस, तेही प्राणवायूची गरज असलेल्या रुग्णास, असा शास्त्रीय आधार २०२० मध्ये प्राप्त झाला होता. इतक्या अल्पकाळच्या मात्रेने ग्रंथी सहसा दीर्घकाळ निद्रिस्त होत नाही. परंतु जुन्या चिठ्ठीवर आठवडेच्या आठवडे गोळ्या घेत राहिलेले रुग्णही पुढे आढळले. त्या वर्षीच्या काळ्या बुरशीच्या प्रकोपाने अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉईडचा गैरवापर यांची किंमत सर्वांनाच दाखवून दिली.

तिसरी वाट सर्वांत दुःखदायक, कारण ती आपल्या नावावर खपते. सांधेदुखीवर वा दम्यावर 'शुद्ध आयुर्वेदिक' म्हणून दिली जाणारी निनावी पुडी, जिच्या पहिल्या मात्रेनेच सकाळी खाट सुटते. दर्यापूर तालुक्यातील पंचेचाळिशीतील एक भगिनी विरेचनासाठी आमच्याकडे आल्या होत्या. दोन वर्षे अशी पुडी चालू होती. आठ दिवसांपूर्वी एका नातलगाच्या सांगण्यावरून ती बंद केली होती. तेव्हापासून अन्नद्वेष, हृल्लास, उभे राहताच अंधारी. चेहरा गोल, बाहूंवर रक्ताचे डाग. रक्तदाब निजलेल्या स्थितीत ९०/६०, उभे केल्यावर त्याहूनही खाली. विरेचन रहित करून आम्ही त्यांना त्याच दिवशी रुग्णालयात पाठविले. तेथे सकाळचे कॉर्टिसॉल २ मायक्रोग्रॅम निघाले. हायड्रोकॉर्टिसोन व क्षारजल दिल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या उठून बसल्या. पुढे अकरा महिने मात्रा हळूहळू उतरवीत आणि समांतर आमवाताची चिकित्सा करीत त्या औषधमुक्त झाल्या. त्या दिवशी नेहमीप्रमाणे विरेचन दिले असते तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येक वाचकाने करावा.

६. पादांशिक क्रम : आपलाच सिद्धांत

अभ्यस्त अपथ्य एकदम सोडू नये, हे आपणांस कोणी परक्याने शिकविण्याची गरज नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या ७ व्या अध्यायात पादांशिक क्रम सांगितला आहे : त्याज्य वस्तूचा एक चतुर्थांश कमी करावा, हितकर वस्तूचा तेवढा अंश वाढवावा आणि पुढील पायऱ्यांमधील दिवसांचे अंतर वाढवीत न्यावे. अशा क्रमाने गेलेले दोष परत येत नाहीत व आलेले गुण स्थिरावतात, असे त्याचे फलही सांगितले आहे. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयात चतुर्थांशाचाही चतुर्थांश, म्हणजे षोडशांश, कमी करण्याची मुभा दिली असून सहसा त्याग विकारास कारण होतो, अशी स्पष्ट सूचना केली आहे.

वर दिलेल्या कुष्ठरोगाच्या क्रमातील पहिली पायरी पाहावी. ४० वरून ३० म्हणजे नेमका एक पाद. पुढे मात्रा लहान होत जाते तशी वजाबाकीही लहान होते. तत्त्व तेच, मात्र कालमान ग्रंथोक्त दिवसांचे न धरता आठवड्यांचे व महिन्यांचे धरावे लागते, कारण येथे निद्रिस्त ग्रंथीला जागे व्हायचे आहे.

व्यवहारात पुढील पथ्ये पाळावीत.

(अ) स्टेरॉईड उतरविण्याचा निर्णय ते देणाऱ्या चिकित्सकाशी विचारविनिमय करूनच घ्यावा. आपली चिकित्सा आधी सुरू करावी, व्याधीचे बल घटल्याचे दिसावे, मगच पहिला पाद कमी करावा.

(आ) प्रेडनिसोलोन ४ ते ६ मि.ग्रॅ. ही साधारण शरीराच्या दैनंदिन गरजेची पातळी. येथपर्यंतचा वेग मूळ व्याधी ठरवितो. येथून पुढचा वेग अधिवृक्क ग्रंथी ठरविते. हा दुसरा टप्पा अतिसावकाश पार करावा. मात्रा सकाळी एकदाच असावी.

(इ) शंका असल्यास आदल्या दिवशी सकाळी मात्रा घेतल्यानंतर २४ तासांनी, पुढील मात्रेपूर्वी, सकाळी ८ ते ९ दरम्यान रक्तातील कॉर्टिसॉल तपासावे. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरहून अधिक असल्यास ग्रंथी जागी झाल्याचे समजावे. ५ हून कमी असल्यास औषध चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा तपासावे. मधल्या आकड्यांत मात्रा तशीच ठेवून काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा पाहावे.

(ई) ज्वर, अपघात, दात काढणे, शस्त्रक्रिया अशा प्रसंगी मात्रा तात्पुरती वाढवावी लागते, हे रुग्णास व नातलगांस लिहून द्यावे. औषध सुटल्यानंतरही वर्षभर ही चिठ्ठी खिशात असावी.

७. शोधन व औषधी यांविषयी सावधानता

वमन व विरेचन ही शरीरासाठी आज्ञावाढीची वेळ असते. निरोगी साखळी त्या काळात कॉर्टिसॉल वाढवून जलक्षय निभावून नेते. निद्रिस्त ग्रंथीला ते शक्य नसते. म्हणून स्टेरॉईड घेणाऱ्या अथवा वर्षभरात सोडलेल्या रुग्णात तीव्र शोधन टाळावे, शमन व बृंहण यांवर भर द्यावा. क्षीण व दुर्बल रुग्णास तीव्र शोधन देऊ नये हा शास्त्रादेशही त्यास पोषकच आहे. अमरावती-अकोल्याचा मे महिना, पारा ४५ अंशांच्या पुढे जात असताना, शोधनासाठी मुळीच निवडू नये.

यष्टिमधूस 'नैसर्गिक स्टेरॉईड' म्हणण्याची प्रथा पडली आहे, ती शास्त्रास धरून नाही. यष्टिमधू स्टेरॉईड निर्माण करीत नाही. वृक्कातील एक विकर कॉर्टिसॉलचे निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये रूपांतर करते. यष्टिमधूतील घटक त्या विकरास रोखतो. परिणामी कॉर्टिसॉल तेथे अल्डोस्टेरोनासारखे वागू लागते : सोडियम साचते, पोटॅशियम घटते, शोथ व रक्तदाब वाढतो. नेदरलँड्‌सचे डॉ. रेव्हर्स यांनी १९४० च्या दशकात जठरव्रणासाठी यष्टिमधू घेणाऱ्या रुग्णांत सूज नोंदविली होती. प्रेडनिसोलोन व मूत्रल औषधे घेणाऱ्या रुग्णास ते मोठ्या मात्रेत दीर्घकाळ देऊ नये.

अश्वगंधेबाबतही विवेक हवा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ६४ व्यक्तींच्या भारतीय अभ्यासात ६० दिवसांच्या सेवनाने तणावग्रस्तांचे कॉर्टिसॉल कमी झाले. तणावग्रस्तास हे हितकर. पण ज्याचे कॉर्टिसॉल आधीच क्षीण आहे त्याला स्टेरॉईडच्या जागी अश्वगंधा देणे हा पर्याय नव्हे.

८. संकट ओळखावे

स्टेरॉईडचा इतिहास, आणि त्यासह वांत्या, पोटदुखी, अतिदौर्बल्य, रक्तदाब उतरणे, रक्तशर्करा घटणे वा गोंधळलेपणा आढळल्यास तो अधिवृक्क संकटाचा रुग्ण समजावा. तपासणीच्या निकालाची वाट पाहू नये. हायड्रोकॉर्टिसोन १०० मि.ग्रॅ. शिरेतून वा स्नायूत आणि क्षारजल ही त्याची तातडीची चिकित्सा असून ती जवळच्या रुग्णालयात विनाविलंब मिळाली पाहिजे. धारणी-चिखलदऱ्यासारख्या भागात अंतर मोठे असते. तेथे काम करणाऱ्या वैद्यांनी रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकावर संपर्क साधण्यास क्षणाचाही विलंब करू नये.

उपसंहार

स्टेरॉईडपासून रुग्णास मुक्त करणे हे आयुर्वेदाचे खरे सामर्थ्य आहे व जीर्ण व्याधींत ते आपण सिद्ध करू शकतो. परंतु मुक्ती देणे म्हणजे गोळी हिसकावून घेणे नव्हे. अधोथॅलॅमस, पोष ग्रंथी व अधिवृक्क यांची तुटलेली साखळी पुन्हा जुळेपर्यंत धीर धरणे म्हणजेच पादांशिक क्रम. 'काय घेता?' आणि 'केव्हापासून घेता?' हे दोन प्रश्न प्रश्नपरीक्षेत प्रत्येक रुग्णास विचारावेत, निनावी पुडी आढळल्यास अन्न व औषध प्रशासनास कळवावे आणि कोणत्याही रुग्णास 'सगळे बंद करा' असे एका वाक्यात सांगू नये. एवढे जरी आपण सर्वांनी पाळले, तरी वऱ्हाडातील काही प्राण निश्चित वाचतील.